हिंगण्याच्या आश्रमातलं आणि महिला पाठशाळेतलं विद्यार्थिनी-जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कर्वेनगरला लहानाची मोठी झाले. माझ्या आजोबांची आत्या हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, आश्रमात शिकली होती, त्यामुळे या जागेबद्दल घरात लहानपणापासून ऐकत आले आणि पुढे वाचत गेले. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलं येतात, पणजीचा माग काढणारी कुटुंबं फोन करतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काळ साधारणपणे १८९६ ते १९३६ हा धरला आहे.

आश्रम, विद्यालय, पाठशाळा, विद्यापीठ: नक्की कशाला काय म्हणायचं?

हा घोळ सगळ्यांचाच होतो, कारण जुन्या घरांमध्ये या सगळ्याला सरसकट ‘हिंगण्याचा आश्रम’ म्हणायची पद्धत होती.

धोंडो केशव कर्वे यांनी १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तो विधवांसाठी होता. १९०७ साली महिला विद्यालय निघालं, ते मुख्यतः लग्न न झालेल्या मुलींसाठी. दोन्ही संस्था चालवायला झोकून देणारी माणसं हवीत म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन झाला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं आणि त्याचं पहिलं कॉलेज म्हणजे महिला पाठशाळा. आज ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच विद्यापीठ.

तुमची पणजी ‘हिंगण्याला शिकली’ असं घरात म्हणत असतील, तर ती यांपैकी कुठेही शिकलेली असू शकते. तिचं सालच बहुतेक वेळा उत्तर देतं.

गाव सोडून माळावर कशाला गेले?

कारणं दोन. पहिलं प्लेग. १८९७ पासून पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली. शहरात दाटीवाटीने मुली ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. दुसरं कारण लोक. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला होता. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, ज्यांना सगळे ‘बाया’ म्हणत. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या लग्नानंतर कोकणातल्या मुरूडने, कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. अशा माणसाच्या आश्रमाला पेठेत जागा मिळणं आणि ती टिकणं दोन्ही अवघड होतं.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली. १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. आज मुलींच्या स्कूटींनी भरलेलं जे आवार दिसतं, तिथे तेव्हा माळ होता, निवडुंग होता आणि शेतांमधून जाणारी पायवाट.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. दिवसभर वर्ग घेऊन संध्याकाळी आश्रमाचं सामानसुमान खांद्यावर टाकून ते चालत हिंगण्याला यायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजला. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. मी शाळेत असताना सिंहगडाच्या बाजूने ढग आले की आजोबा म्हणायचे, “अण्णांची वाट भिजली आता.” मला तेव्हा कळायचं नाही की कोणते अण्णा.

पहिल्या विद्यार्थिनी कोण होत्या? त्यांची वयं काय होती?

इथे ‘कॉलेजच्या मुली’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते चित्र आधी बाजूला ठेवावं लागतं. अठरा वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या, बारावीनंतर आलेल्या मुली या नव्हेत. आश्रमातल्या मुली बालविधवा होत्या. कुणाला नवऱ्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. कुणी पंचविशीत पहिल्यांदा पाटी हातात घेतली.

आमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची ती आत्या, तेरा वर्षांची असताना विधवा झाली. सासरी तिचं काम ठरलेलं: पहाटे जातं, दिवसभर चूल, रात्री भांडी. भावाने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, घरातल्या मोठ्यांचा रोष पत्करून तिला आश्रमात आणून सोडलं. ती सोबत एक तांब्या घेऊन आली होती. त्यावर तिने पुढे, अक्षरं नीट यायला लागल्यावर, तांबटाकडून स्वतःचं नाव घालून घेतलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते घरच्या कर्त्या पुरुषाचं नाहीतर आहेर देणाऱ्याचं. तिच्या तांब्यावर फक्त तिचं पहिलं नाव आहे. ना वडिलांचं, ना नवऱ्याचं, ना आडनाव. तांबटाने विचारलं, “पुढे काय घालू?” ती म्हणाली, “काही नको, एवढंच.” ही गोष्ट तिने माझ्या आजोबांना अनेकदा सांगितली होती.

तो तांब्या आमच्या घरी अजून आहे. नाव थोडं झिजलंय, पण बोट फिरवलं की लागतं.

रोजचा दिवस कसा असायचा?

कष्टाचा. नोकरचाकर ठेवायला पैसे नव्हते, त्यामुळे पाणी भरणं, सारवणं, निवडणं-टिपणं, स्वयंपाक हे सगळं मुलीच पाळीपाळीने करत. फरक इतकाच, की हे काम संपत असे. आत्याआजी सांगायची, सासरी काम कधी संपायचंच नाही. आश्रमात पाळी संपली की पाटी घेऊन बसायचं आणि त्या वेळात कुणी हाक मारून उठवायचं नाही.

पाठांतर पुष्कळ होतं. पाढे नुसते तिसापर्यंत नव्हेत, अपूर्णांकांचेही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आत्याआजी नव्वदीला टेकलेली असताना मटार सोलता सोलता पाऊणकी म्हणायची, एकही आकडा न चुकता. मोठ्या मुली लहानांना शिकवायच्या. शिकण्या-शिकवण्याच्या मधली रेघच तिथे पुसट होती. काल ज्या वर्गात ती बसली, तोच वर्ग पुढच्या वर्षी ती घ्यायची. शिक्षक कमी असल्यामुळे ही सोय निघाली असेल, पण मला वाटतं आश्रमाचं खरं बळ यातच होतं. ज्या बाईला घरात कुणी विचारत नव्हतं, तिच्यापुढे दहा मुली पाटी धरून बसायच्या.

कर्व्यांना सगळ्या ‘अण्णा’ म्हणत. बायांना ‘बाया’च.

केस, सोवळं, उपास यांचं काय? आश्रमाने हे सोडायला लावलं का?

सक्तीने नाही. त्या काळात विधवेचं केशवपन, लाल आलवण, एकभुक्त राहणं हे गृहीत होतं. आश्रमात अशा बायका होत्या आणि केस राखलेल्याही होत्या. कुणाला काय जमतं ते तिच्यावर सोडलं होतं. आश्रमावर आधीच इतकं बालंट होतं, की ‘आमच्या मुलीला बाटवलं’ हे एक वाक्य संस्था बुडवायला पुरेसं होतं. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, हा आरोप पुण्याच्या लोकांच्या मनात ताजा होता.

पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण मी नेहमी देते. त्या बायांच्या धाकट्या बहीण. जन्म १८७०, विशीत वैधव्य. मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला बहिणीकडे आल्या, इथे शिकल्या आणि आश्रमाच्याच होऊन गेल्या. त्यांनी बरीच वर्षं केशवपन चालू ठेवलं. पुढे विचारांती थांबवलं आणि का थांबवलं ते आपल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं. कर्त्या वयातल्या, गावोगाव भाषणं करणाऱ्या बाईला सुद्धा डोक्यावरच्या केसांचा निर्णय घ्यायला इतकी वर्षं लागली. आज आपण ‘त्यांनी लगेच बंड का नाही केलं’ असं विचारतो तेव्हा ही वर्षं मोजत नाही.

आश्रमात विधवांची लग्नं लावून देत असत का?

नाही. हा जुना गैरसमज आहे आणि त्या काळी तो मुद्दाम पसरवलाही जात होता. कर्वे स्वतः पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते होते, त्यासाठीची मंडळीही त्यांनीच १८९३ मध्ये उभी केली होती. पण आश्रम आणि ती चळवळ त्यांनी वेगळी ठेवली. आश्रमाचं काम शिकवून पायावर उभं करायचं. पुनर्विवाहाचा संबंध जोडला गेला असता तर एकाही घराने मुलगी पाठवली नसती.

विधवा आणि कुमारिका एकत्र शिकत होत्या का?

सुरुवातीला आईबाप तयार नव्हते. विधवेची सावली नको, सकाळी तोंड बघायला नको, अशी समजूत असलेल्या घरांतून मुली कशा येणार? म्हणून तर १९०७ चं महिला विद्यालय वेगळं निघालं. ते पुण्यात, आश्रमापासून लांब ठेवलं होतं. सहा मुलींनी सुरुवात झाली. १९११ मध्ये विद्यालयही हिंगण्याला आलं आणि मग हळूहळू अंगण एकच झालं. हा बदल कुठल्या ठरावाने झाला नाही. विधवा शिक्षिका कुमारिकांना शिकवायला लागल्या आणि मुलींच्या मनातली भीती बाईंच्या हाताखाली शिकताना गेली.

फर्ग्युसनला मुली जात होत्या की. मग वेगळं महिला विद्यापीठ कशाला?

बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाने १८८३ पासून मुलींना दार उघडलं होतं. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्याच डेक्कन कॉलेजातून शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या होत्या. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ पासून होती. पण दार उघडं असणं वेगळं आणि त्या दारापर्यंत पोचणं वेगळं. मॅट्रिक इंग्रजीतून, वय ठरलेलं, आणि मध्ये एकही वर्ष वाया न घालवता शिकत आलेल्यांसाठी सगळी चौकट. विशीत मुळाक्षरं शिकलेल्या बाईने मॅट्रिक कधी व्हायचं आणि बी. ए. कधी?

१९१५ च्या सुमारास कर्व्यांच्या हातात जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. टोकियोतलं हे विद्यापीठ १९०१ साली निघालेलं आणि जपानी भाषेतून शिकवणारं. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ उभंही केलं. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती, रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. त्यानंतर लगेच हिंगण्याला महिला पाठशाळेचा पहिला वर्ग भरला. विद्यार्थिनी बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

एवढ्या मोठ्या नावांच्या विद्यापीठात एवढ्या कमी मुली बघून तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं. मला मात्र त्या बाकावर बसलेल्यांचं अप्रूप वाटतं. पुढे कुठली नोकरी मिळेल, ही पदवी कुणी मानेल का, यातलं काहीच हातात नसताना त्या तिथे बसल्या होत्या.

खरंच सगळं मराठीतून शिकवत? आणि पदवीची ती विचित्र नावं काय होती?

हो, मातृभाषेतून. गुजराती कन्यांसाठी गुजरातीतून. इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक होता. बाहेरच्या जगाशी व्यवहार तुटू नये हा त्यामागचा विचार. गणित ऐच्छिक ठेवलं होतं, आणि हे ठरवणारा माणूस स्वतः आयुष्यभर गणित शिकवत आलेला. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, मानसशास्त्र, बालसंगोपन यांना अभ्यासक्रमात मानाची जागा होती. संस्कृत, संगीत, चित्रकला असे विषय आवडीप्रमाणे घेता येत.

नावं विचित्र वाटतात, पण नीट फोड केली की सुंदर आहेत. बी. ए.च्या जागी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने आगम, विद्या, ग्रहण केली ती. एम. ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’, जी ती विद्या आता दुसऱ्याला देऊ शकते. इंग्रजी आद्याक्षरांवरून यांना जी. ए. आणि पी. ए. म्हणत. जुन्या पत्रिकेत, पुस्तकाच्या पहिल्या पानावर किंवा एखाद्या पाटीवर बाईच्या नावापुढे ‘जी. ए.’ दिसलं तर छापण्याची चूक समजू नका. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीच्या फोटोखालचं ‘जी. ए.’ खोडून ‘बी. ए.’ केलेलं होतं. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा लिहून घेतलं.

मराठीतून उच्च शिक्षण द्यायचं तर पुस्तकं कुठे होती? शिक्षकांनी इंग्रजी ग्रंथ वाचायचे, मराठीत सांगायचे आणि अडेल तिथे शब्द पाडायचे. मुलींच्या वह्या हीच पुस्तकं. या शिक्षकांमध्ये वामन मल्हार जोशी होते, ‘रागिणी’कार. ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या लेखाच्या खटल्यात तुरुंगवास भोगून आलेला हा तत्त्वज्ञ कादंबरीकार हिंगण्याला मुलींना तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवत होता, पुढे पाठशाळेचा प्राचार्यही झाला. विधवेने स्वतःचं भलं कशात आहे हे स्वतः ठरवावं का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या तासाला निघाला तर तो पुस्तकातला प्रश्न राहत नसणार. समोर बसलेल्या प्रत्येकीने तो अंगावर काढलेला होता.

या पदवीला किंमत होती का?

सरकारदरबारी नव्हती. हे उत्तर अनेकांना आवडत नाही, पण लपवण्यासारखं त्यात काही नाही. महिला विद्यापीठ सरकारी कायद्याने निघालेलं नव्हतं. त्यामुळे त्याची प्रवेशपरीक्षा झालेली मुलगी मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात जाऊ शकत नव्हती, जी. ए. झालेलीला बी. ए.च्या बरोबरीची नोकरी हक्काने मागता येत नव्हती. जिला डॉक्टर व्हायचं तिला मॅट्रिकचाच रस्ता धरावा लागे. सुधारकांमध्येही यावरून मतभेद होते. मुलींना कमी दर्जाचं शिक्षण देताय, त्यांना स्वयंपाकघराकडे वळवताय, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते.

या टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं. गृहव्यवस्था आवश्यक आणि गणित ऐच्छिक ही विभागणी मुलीचं पुढचं आयुष्य आधीच ठरवून टाकते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत या बायकांना जागाच नव्हती. बाहेरून परीक्षेला बसायची सोय महिला विद्यापीठाने दिली, म्हणजे घरी राहून, मुलं सांभाळून अभ्यास करणारीला पदवी मिळू शकत होती. वयाची आडकाठी नव्हती. कमी दर्जाचं शिक्षण आणि काहीच शिक्षण नाही, यांतून निवड करायची वेळ ज्यांच्यावर आली नाही त्यांना ही टीका सोपी जाते.

शेवटी १९४९ साली मुंबई विधिमंडळाने कायदा केला आणि १९५१ पासून हे विद्यापीठ वैधानिक झालं. म्हणजे १९१६ पासून मोजलं तर तीन दशकांहून जास्त काळ मुलींनी अशा पदवीसाठी अभ्यास केला, जी सरकार मानत नव्हतं. मान्यता मिळाली तेव्हा कर्वे नव्वदी ओलांडून गेले होते.

हे सगळं चालायचं कुणाच्या पैशावर?

आधी कर्व्यांच्या स्वतःच्या. पगार, साठवलेले पैसे, आयुर्विम्याची पॉलिसी, सगळं आश्रमात गेलं. घरी बाया आणि मुलं ओढाताण सोसत होती. हे बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात मोकळेपणाने सांगितलं आहे आणि त्यात नवऱ्याचं कौतुक आहे तसा रागही आहे. अण्णांच्या त्यागाबद्दल बोलताना बायांनी घर कसं निभावलं हेही बोलायला हवं, ते बहुतेक भाषणांतून गळतं.

नंतर लोकांच्या. भाऊबीज फंड हे हिंगण्याचं खास. दिवाळीत बहिणीला ओवाळणी घालतो तशी या बहिणींसाठी घाला, असं सांगत कार्यकर्ते घरोघर फिरत. चार आणे, आठ आणे. आमच्या घरात ती पावती देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची पद्धत होती.

आणि पार्वतीबाई. पहिलं महायुद्ध संपायचं होतं तेव्हा, १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही बाई एकटी अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम. शिकायचं आणि संस्थेसाठी पैसे जमवायचे. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. १९२० मध्ये परतल्या.

त्याच साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. तिच्यापोटी दरसाल ५२,५०० रुपये मिळायचे. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव दिलं गेलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. एसएनडीटीत शिकणाऱ्या मुलींना मी हे पूर्ण नाव विचारते. बऱ्याच जणींना येत नाही.

सगळ्या जातींच्या मुली होत्या का?

नाही. आश्रम सुरू झाला तो ब्राह्मण विधवांसाठी. केशवपनाची आणि पुनर्विवाहबंदीची सर्वांत कडक रूढी त्या घरांत होती, हे त्याचं कारण दिलं जातं, आणि कारण खोटं नाही. पण त्याच पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढलेली होती, आणि त्यांच्या वर्गाचं दार जातीवर उघडझाप करत नव्हतं. पन्नास वर्षांनंतरच्या संस्थेने तिथून मागे पाऊल टाकलं, हे मान्य करायला हवं. कर्व्यांनी उतारवयात, १९४४ साली, माणसामाणसांतल्या समतेसाठी समता संघ काढला. आधी ज्यांना वगळलं त्यांच्यापर्यंत ते उशिरा पोचले असं मी समजते. हिंगण्याविषयीच्या माझ्या प्रेमाला याने बाधा येत नाही, पण हा प्रश्न कुणी विचारला की मी टाळतही नाही.

शिकून बाहेर पडलेल्या पुढे काय झाल्या?

बहुतेक जणी शिक्षिका. आमच्या आत्याआजीने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झाली, ट्रेनिंग घेतलं आणि मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. ज्या गावात तिच्या सासरचे होते, त्याच तालुक्यात तिची पहिली नेमणूक झाली. आपल्या पुतणीला शाळेत घालायला सासरची माणसं तिच्याकडेच आली. तिने नाव लिहून घेतलं, जन्मतारीख विचारली, आणि बाकी काही बोलली नाही.

नावाजलेल्यांमध्ये मालतीबाई बेडेकर आधी सांगायला हव्यात. त्या लहानपणी हिंगण्याला आल्या, तिथेच शिकल्या, तिथेच शिकवलं. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि महाराष्ट्रात गहजब झाला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न जमलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते इतक्या थेट कुणी लिहिलं नव्हतं. ती कोंडी त्यांनी जवळून पाहिली होती. आश्रमाने बायकांना पायावर उभं केलं, पण उभ्या राहिलेल्या बाईला समाजात जागा कुठे, याचं उत्तर आश्रमाकडे नव्हतं. ते त्यांनी लिहून विचारलं.

कमलाबाई देशपांडे या ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांच्या कन्या. इथून पदवी घेऊन पुढे प्रागला गेल्या, डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन स्त्रीशिक्षणाच्याच कामात राहिल्या. सरकार मानत नसलेल्या पदवीवर युरोपातल्या विद्यापीठाने त्यांना घेतलं, हे लक्षात घ्या.

आमची पणजी हिंगण्याला होती असं ऐकलंय. शोध कसा घ्यायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, नाव. विधवेचं नाव बहुधा सासरच्या आडनावाने नोंदलेलं असतं, तुमच्या घरात मात्र ती माहेरच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही आडनावं आणि नवऱ्याचं नाव हाताशी ठेवा. घरातल्या हाकेच्या नावावर जाऊ नका. ‘ताई’, ‘अक्का’, ‘माई’ अशा हजार सापडतील. पुढे पुनर्विवाह झाला असेल तर तिसरं नावही असेल आणि ते घरात कुणी उच्चारत नसेल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एकटीला गाठून विचारा, चारचौघांत नको.

दुसरी गोष्ट, घरातली कागदपत्रं. शिक्षिकेची नोकरी केली असेल तर पेन्शनचे कागद असतात आणि त्यावर शिक्षण लिहिलेलं असतं. भाऊबीज फंडाच्या पावत्या, जुन्या पुस्तकांची पहिली पानं, भेट म्हणून आलेल्या पुस्तकावरचा मजकूर, भांड्यांवरची नावं बघा. पोथ्यांमध्ये घडी घालून ठेवलेली पत्रं तर हमखास असतात. पत्र मोडीत असेल तर टाकून देऊ नका, पुण्यात मोडी वाचणारे आहेत.

त्यानंतरच संस्थेकडे जा. हिंगण्याची जुनी संस्था आता महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून कर्वेनगरला आहे, आणि कॉलेजच्या, म्हणजे जी. ए., पी. ए. झालेल्या मुलींबद्दल एसएनडीटी विद्यापीठाकडे विचारावं लागेल. दोन्हीकडे लेखी अर्ज करा. साल नक्की माहीत नसेल तर अंदाजे पाच वर्षांचा टप्पा लिहा आणि सासर-माहेरची दोन्ही गावं घाला. नुसतं ‘आमची पणजी, नाव काशीबाई’ असं लिहून पाठवलंत तर कुणालाच काही करता येणार नाही. त्या काळी काशीबाई घरोघर होत्या.